'आप' म्हणणाऱ्यांची मंडळी

'लॉज' म्हटलं की आपल्याला बस स्टँडसमोरचं लॉजिंग-बोर्डिंग आठवतं. पण या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. १७१७ साली लंडनमध्ये फ्रीमेसन लोकांची ग्रँड लॉज स्थापन झाली. एकमेकांना भाऊ मानायचं, ठरल्या दिवशी जमायचं, नियम पाळायचे, अडीअडचणीला धावून जायचं, अशी ही बंधुमंडळी. मुंबईत १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली ती भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून. हे मी शाळेत असताना एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं आणि वाटलं होतं, असलं काही आपल्या नंदुरबार भागात कुठून असणार?

होतं! आणि ते मला हॉस्टेलवर आल्यावर कळलं.

माझी रूममेट तळोद्याकडची, भिल्ल समाजातली. एकदा रात्री लाईट गेले होते आणि आम्ही घरच्या गोष्टी सांगत बसलो होतो. ती म्हणाली, "माझी आजी कुणी भेटलं की 'आप' म्हणते. नमस्कार नाही, राम राम नाही, फक्त आप." मी हसले. ती हसली नाही. मग तिने जे सांगितलं त्यावरून मी वाचायला लागले. हा लेख म्हणजे तो अभ्यास.

स्थापना

तळोदा तालुक्यातलं मोरवड हे गाव. १९३० च्या दशकात तिथल्या भिल्ल समाजातल्या गुला महाराजांनी लोकांना एकत्र बोलवायला सुरुवात केली. सोमवारी आरतीला जमायचं. रोज आंघोळ करायची, दारू सोडायची, चोरी-भांडण करायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लहान-मोठा, बाई-पुरुष न बघता एकमेकांना 'आप' म्हणायचं. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं हजारोंनी मोरवडला येऊ लागली. नियम तोंडपाठ होण्याइतके थोडे, आणि दार सगळ्यांना उघडं. फ्रीमेसन लॉजचं दार बंद असतं, आत यायला शपथ लागते. इथे एक शब्द पुरत होता.

उद्देश

आता कुणी म्हणेल, यात विशेष काय? दारू सोडा असं तर सगळेच संत सांगतात. मलाही आधी तसंच वाटलं. पण हिशोब मांडून बघा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा ठरला. जी वस्तू रानातून फुकट मिळायची ती ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची वेळ आली. पैसे नाहीत म्हणून सावकाराचं कर्ज, कर्जापायी जमीन गहाण, जमीन गेली की स्वतःच्याच शेतात दुसऱ्याचा सालदार. म्हणजे दारू सोडणं हा नुसता धर्माचा नाही, तर जमीन वाचवण्याचा प्रश्न होता. याआधी १९२२ च्या सुमारास सुरत जिल्हा आणि खानदेशाच्या सीमेवर सलाबाई देवीची चळवळ झाली, तिचाही पहिला आदेश दारू सोडा हाच होता.

पण एकट्याने दारू सोडणं अवघड. सणाला, लग्नाला, मयताला, देवालासुद्धा दारू लागायची. एकटा नाही म्हणाला तर तो जातीबाहेर पडल्यासारखा. म्हणून मंडळी लागते. दर सोमवारी सगळे भेटले की कुणी एकटा पडत नाही. मला वाटतं, गुला महाराजांचं खरं काम हे.

आणि 'आप' कशासाठी? ज्या माणसाला सावकार, पोलीस, मालक सगळे 'ए' म्हणतात, त्याला दिवसातून दहादा कुणीतरी 'आप' म्हटलं तर काय होईल? तो ताठ उभा राहील. सरकारला नेमकी त्याचीच भीती वाटली असावी.

पुढे काय झालं

१९३८ मध्ये गुला महाराज वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम चालू ठेवलं. इंग्रज सरकारने त्यांना तडीपार केलं, तरी लोक सुटले नाहीत. २ मार्च १९४३ रोजी तळोदा तालुक्यातल्या रावलापाणी इथे जमलेल्या अनुयायांवर गोळीबार झाला. पंधरा जण गेले. तिथल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात. जालियनवाला बाग आपण पाठ करतो, पण आपल्याच जिल्ह्यातलं रावलापाणी मला विसाव्या वर्षी कळलं!

पुढे १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. त्याच्या आधीपासून पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती भजनं गात गावोगाव फिरत होते आणि गेलेल्या जमिनी परत मागत होते. माणूस ताठ उभा राहिला की तो हिशोबही मागतो.

आता माझं

आमच्या शाळेत प्रिन्सिपलपासून शिपायापर्यंत सगळ्यांना 'यू'. त्यामुळे मराठीतलं तू-तुम्ही-आपण हे किती मोठं वजन आहे, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आमच्या शेतावर एक सालदार आहेत. दर पाडव्याला त्यांचं साल ठरतं. ते माझ्या पप्पांपेक्षा मोठे, आणि मी लहानपणापासून त्यांना नावाने हाक मारते. 'ए, गाडी पूस.' असं.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "तुम्ही चहा घेतला का?" ते गडबडले. म्हणाले, "ताई, असं नका बोलू, लोक हसतील." आजोबांनी पेपरमधून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. मला 'आप' म्हणायचं होतं, पण धीर झाला नाही. 'तुम्ही' मात्र सुट्टी संपेपर्यंत सोडलं नाही.

आपल्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी, गेटवरचे वॉचमन, यातले बरेच जण अक्राणी, अक्कलकुव्याकडचे आहेत. आपण त्यांना कशी हाक मारतो ते आज जेवताना जरा ऐका. मी ऐकलं, आणि त्यात माझाही आवाज होता.

रूममेटला हा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. पण जमीन कुणाची होती, ते आजोबांना विचारलंस का?"

अजून नाही. या सुट्टीत विचारणार आहे.