ताणाची लक्षणे ओळखूया

"डोकं जड झालंय", "छातीत धडधडतं", "रात्री डोळा लागत नाही." अशा तक्रारी आपण घरोघरी ऐकतो, गोळी घेतो आणि कामाला लागतो. तपासणीत काही सापडत नाही, तरी त्रास थांबत नाही. अशा वेळी ताणाचा विचार करायला हवा.

ताण म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. संकट दिसताच मेंदू शरीराला सावध करतो. मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात, पचन मंदावते. परीक्षेच्या वेळी हीच सावधानता उपयोगी पडते. संकट टळले की शरीर पूर्ववत होते.

पण कर्जाचा हप्ता, कंत्राटी नोकरी, घरातले आजारपण, आडनाव कळताच बदलणारी वागणूक ही संकटे एका दिवसात टळत नाहीत. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली ताणाचे तीन टप्पे मांडले: सावध होणे, तग धरणे आणि शेवटी थकून जाणे. आपल्यापैकी अनेकजण दुसऱ्या टप्प्यावर वर्षानुवर्षे उभे असतात आणि "मला काही झालं नाही" म्हणत राहतात.

म्हणून लक्षणे ओळखूया.
शरीरात: डोके, मान, पाठ दुखणे, पित्त, थकवा, झोपमोड.
मनात: चिडचिड, विसरभोळेपणा, सतत धास्ती, उदासी.
वागण्यात: माणसे टाळणे, जेवण कमी-जास्त होणे, तंबाखू किंवा दारू वाढणे.

छातीत दुखले तर मात्र ताण समजून घरी बसू नये, ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

झोपेची वेळ ठरवूया, रोज अर्धा तास चालूया, विश्वासाच्या माणसाजवळ बोलूया. त्रास दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा कामात अडथळा येऊ लागला, तर अंगारा-धुपारा न करता डॉक्टरांचा सल्ला घेऊया. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आज घरातल्या एका माणसाला तरी विचारूया, "झोप नीट लागते ना?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घेऊया.