संगणकाचा राखणदार

वेरूळहून संभाजीनगरला जाताना वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. तो तुम्ही पाहिलाच असेल. त्याला एक कोट नाही. बाहेर अंबरकोट, त्याच्या आत महाकोट आणि त्याच्याही आत कालाकोट. पुढे खडक फोडून केलेला खंदक आणि मग अंधारी वाट. एवढा खटाटोप कशासाठी? बाहेरच्या वेशीतून आत आलेला प्रत्येक जण आपलाच असतो असे नाही, म्हणून.

आता पुष्कळ घरी संगणक आला आहे. त्यात मुलांचा अभ्यास असतो, घरची कागदपत्रे असतात, बँकेचा व्यवहार असतो. त्यालाही एक राखणदार असतो. त्याला फायरवॉल म्हणतात. हा कोणी माणूस नव्हे. संगणकातच बसवलेला तो एक प्रोग्राम आहे. न बोलावता कोणी आत येऊ लागला, तर तो अडवतो. कधी मालकालाच विचारतो, “याला आत येऊ देऊ का?” हा प्रश्न पडद्यावर चौकटीत उमटतो. तीच सूचना.

घरचे जाळे

घरात वाय-फायची पेटी असते. तिला राउटर म्हणतात. संगणक, मोबाइल, टीव्ही, प्रिंटर हे तिला जोडलेले असतात. हे झाले घरचे जाळे. घराला जसा घरक्रमांक, तसा यातल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. कुठे १० ने. पडद्यावर हे आकडे इंग्रजीत दिसतात. सूचनेत असा क्रमांक असला, तर हाक बहुधा जवळच्याच जाळ्यातून आली आहे असे समजावे. १२७.०.०.१ असा क्रमांक म्हणजे संगणक स्वतःशीच बोलतो आहे.

हो म्हणावे की नाही?

समजा, तुम्ही नवा प्रिंटर आणला. त्याचा प्रोग्राम संगणकात घातला आणि लगेच सूचना आली. तिच्यात त्याच प्रोग्रामचे नाव आहे. मग घाबरायचे काय? काम तुम्हीच सांगितले आहे. ‘प्रायव्हेट’ म्हणजे घरचे जाळे. तेवढ्यावर खूण ठेवा. ‘पब्लिक’ म्हणजे चारचौघांचे जाळे. त्यावर खूण नको. मग ‘अलाऊ’ दाबा.

पण तुम्ही काहीच केले नाही, नावही ओळखीचे नाही, तर ‘कॅन्सल’ दाबा. नकार दिल्याने संगणक बिघडत नाही. फार तर एखादे काम अडेल. जाणत्याला विचारून परवानगी मागाहूनही देता येते. मात्र एकदा दिलेली परवानगी आपण काढीपर्यंत तशीच राहते.

जवळचा म्हणजे आपलाच नव्हे

वेरूळला लेणी पाहायला आणि घृष्णेश्वराच्या दर्शनाला दुरून माणसे येतात. लॉजच्या वाय-फायवर कितीतरी अनोळखी लोक एकाच जाळ्यात असतात. तिथेही क्रमांक १९२.१६८ चाच असू शकतो. म्हणून अशा जागी ‘पब्लिक’ हेच जाळे निवडावे. आपल्या वाय-फायचा पासवर्ड गावभर वाटला, तर आपल्या घरीही तीच गत. शेजाऱ्याला विरजण द्यावे, पासवर्ड देऊ नये.

खोटा राखणदार

कधी पडद्यावर मोठी लाल पाटी येते. “संगणक धोक्यात आहे, या नंबरावर फोन करा,” असे ती म्हणते. कर्कश आवाजही होतो. ही लबाडी ओळखा. खरी फायरवॉल फोन करायला सांगत नाही. ती पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा.

मंडळी, पूर्वी सावकार कागद पुढे करी आणि न वाचता अंगठा उठवणाऱ्याची जमीन जाई. आता तुम्हाला वाचता येते. न वाचता ‘अलाऊ’ दाबणे म्हणजे पुन्हा अंगठा उठवणेच आहे. आधी वाचा. अडले तर विचारा. मगच बटण दाबा.

प्रश्न

१. फायरवॉल काय काम करते?
२. ‘प्रायव्हेट’ व ‘पब्लिक’ यांत फरक काय?
३. लॉजवर कोणते जाळे निवडावे? का?
४. खोटी सूचना कशी ओळखाल?
५. अलाऊ, कॅन्सल, प्रायव्हेट, पब्लिक हे शब्द इंग्रजीत कसे दिसतात, ते शिकत्या मुलाकडून वहीत लिहून घ्या.