मुलगी शिबिराला निघते तेव्हा

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालते म्हटल्यावर आई एवढेच म्हणाली, "सात रात्री पोर घराबाहेर?" तिचे काही चुकले नव्हते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. शिबिर म्हणजे काय, हे तिला सांगणार कोण?

मीच सांगायला बसले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास सेवा करायची. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर.

एवढ्याने वडिलांचे समाधान झाले, आईचे नाही. मुली झोपणार कुठे? सोबत बाई कोण? रात्री कोणी आजारी पडली तर? हे प्रश्न मी वहीत उतरवून आमच्या प्राध्यापिकाबाईंपुढे ठेवले. उत्तरे द्यायला त्या स्वतः उरणला घरी आल्या. चहा झाला आणि आईने होकार दिला.

मैत्रिणींनो, नकारामागे बहुधा असाच एखादा साधा प्रश्न दडलेला असतो. रुसण्याआधी तो समजून घ्यावा. आणि परतल्यावर शिबिराची सारी हकीकत घरी सांगावी; धाकट्या बहिणीच्या वेळी ती उपयोगी पडते.