नवीन कार्ड घेण्याआधी

चि. ओंकार,


तुझा मेसेज मिळाला. विंडोज फॉरमॅट करूनही पीसी गेममध्ये बंद पडतोच, म्हणून आता नव्या ग्राफिक्स कार्डासाठी ताईकडे पैसे मागणार म्हणतोस. जरा दम धर. कार्ड गेलंय हे तुला सांगितलं कुणी? मित्रांनी. त्यांच्यापैकी कुणी कॅबिनेट उघडून तरी पाहिलंय का? आणि फॉरमॅट मारण्याची घाई करायला नको होती. जुन्या नोंदी त्यात पुसल्या गेल्या.

नुसतं 'क्रॅश होतो' म्हणून भागत नाही, कसा होतो ते नीट बघ. गेम तेवढा बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल, तर आधी ड्रायव्हर, गेमच्या फाइल्स आणि रॅम तपासायची. चित्र गोठून आवाज एकाच जागी घरघरत राहिला, तर कार्ड किंवा रॅमवर संशय. निळा स्क्रीन आला तर खालच्या स्टॉप कोडचा फोटो काढ. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असेल तर कार्डाने ठरलेल्या वेळेत (एरवी २ सेकंद) विंडोजला उत्तर दिलं नाही आणि ड्रायव्हर सावरण्याचा प्रयत्नही फसला, असं समज. आणि खटकन सगळंच बंद, पंखेसुद्धा, असं असेल तर विजेच्या बाजूने शोधायला लाग.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल खुणेची नोंद दिसेल. ती बघून पोरं तडक एसएमपीएस बदलायला धावतात. पीसी रीतसर शटडाउन न होता बंद पडला, एवढंच ती नोंद सांगते. का पडला, हे तिलाही माहीत नसतं.

माझा संशय तुझ्या टेबलाखालच्या यूपीएसवर आहे. त्यावर ६०० लिहिलंय ते व्हीए, वॅट नव्हेत. असे यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतात. तुझ्या आरटीएक्स ३०७० ची अधिकृत मर्यादाच २२० वॅट, आणि क्षणभर ते त्याच्या वरही उसळी मारतं. ६५ वॅटचा म्हणून विकला गेलेला तुझा रायझन ५६००एक्स भर लोडवर ७६ पर्यंत खेचतो. त्यात मदरबोर्ड, पंखे, मॉनिटर आणि एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धर. यूट्यूब बघताना काही होत नाही आणि गेम रंगात आला की अंधार, याचं कारण इथेच असू शकतं. लाइट जाण्याची भीती नसेल अशा संध्याकाळी यूपीएस बाजूला ठेव, पीसी थेट भिंतीच्या अर्थिंगवाल्या सॉकेटला लाव आणि तोच गेम खेळून बघ.

तरीही बंद पडला तर कार्डाची केबल बघ. त्याला दोन आठ-पिनी जागा आहेत. दोन्हीकडे एकाच केबलची दोन तोंडं खोचली असतील तर एसएमपीएसमधून दुसरी स्वतंत्र केबल ओढ. मग बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी बंद करून बघ, आणि रात्रभर मेमटेस्ट लावून ठेव. पण एका वेळी एकच बदल कर आणि तो वहीत लिही. चार गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

धूळ साफ करच, पण उष्णतेवर माझा फारसा भर नाही. प्रोसेसर असो की कार्ड, तापलं की आधी आपणच वेग कमी करतं, म्हणजे गेम अडखळायला लागतो. तुझा तर छान चालता चालता बंद पडतो.

तुझ्या मित्रांत कुणाकडे इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा तगडा प्रोसेसर असेल तर त्याला सावध कर. चुकीच्या व्होल्टेजमुळे यातले काही प्रोसेसर झिजत होते, हे २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केलं. गंमत म्हणजे काही गेममध्ये मेसेज यायचा व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा, त्यामुळे बिचारं कार्ड बदनाम! बायोस अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. कंपनीने वॉरंटी मात्र २ वर्षांनी वाढवली आहे.

कॅबिनेट उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढ. एसएमपीएसचा डबा मात्र अजिबात उघडायचा नाही, वीज काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देऊ शकतात. यूपीएसच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठव, आणि थेट सॉकेटवर काय झालं ते कळव. तोवर ताईकडे पैशांचा विषय काढू नकोस.

तुझा,
मामा