कॉम्प्युटर उघडण्यापूर्वी अंगातील वीज उतरवा

पॉलिएस्टरच्या धंद्यातील माणसाला स्थिर वीज म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. हिवाळ्यात तागा उलगडला की कापड हाताला चिकटते, चटचट आवाज येतो, अंधार असेल तर बारीक ठिणगीही दिसते. वार्पिंगवर पॉलिएस्टरचे धागे एकमेकांपासून फाकतात आणि धूळ ओढून घेतात. मग कारखानदार जमिनीवर पाणी शिंपडतो. कॉटनच्या मालात हा त्रास फारसा होत नाही. कारण साधे आहे. प्रमाणित हवेत शंभर किलो कोरडा कापूस सुमारे ८.५ किलो पाणी धरतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ किलो. ओलावा असला की वीज वाहून जाते, नसला की ती साचून राहते.

ही गोष्ट फार जुनी आहे. उर्दू-फारसी जाणणाऱ्या वाचकांना 'काहरुबा' हा शब्द ठाऊक असेल. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे खेचून नेणारा. ज्याच्या तसबीहचे मणी करतात तो पिवळा काहरुबा कपड्यावर घासला की काडी ओढतो, म्हणून हे नाव. अरबीत आजही विजेला 'कहरबा' म्हणतात.

आता मुद्द्यावर येतो. जुलै २०१७ मध्ये जी.एस.टी. आला आणि कापडाच्या बहुतेक पेढ्यांवर कॉम्प्युटर आला. एम्ब्रॉयडरीची मशीन कॉम्प्युटरवर चालते, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डच्या पेटीतही तसेच कार्ड बसलेले असते. ही यंत्रे उघडून दुरुस्त करणे हा आपल्या अनेक तरुणांचा रोजगार झाला आहे. हुन्नर चांगला आहे. परंतु तागा उलगडताना जी वीज आपण हसण्यावारी नेतो, तीच या कामात माल खाते.

कॉम्प्युटरच्या चिपमध्ये लाखो-कोटी बारीक स्विच असतात आणि त्यांतील विजेला अडवणारा पडदा कल्पनेपलीकडे पातळ असतो. माणसाला अंगातून उडालेली ठिणगी जाणवते ती साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. उलट काही नाजूक चिप शंभर व्होल्टच्या आतही बिघडू शकतात. म्हणजे जो झटका आपल्याला कळलाच नाही, तोच पार्ट मारून जातो. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. दमट हवेत तोच दीड हजारांच्या आसपास राहतो. विजेचा साठा अगदी थोडा असतो म्हणून माणसाला इजा होत नाही, पण चिपला तेवढा पुरतो. पावसाळ्यात मुंबई-भिवंडीत निभावून जाईल, मालेगावच्या कोरड्या हवेत थंडीत किंवा मार्चमध्ये तसे समजू नये.

पुष्कळ कारागीर म्हणतात, "आम्ही दहा वर्षे हातानेच रॅम बसवतो, काही झाले नाही." यात थोडे तथ्य आहे. आजच्या पार्ट्समध्ये काही संरक्षण आधीच घातलेले असते आणि बरेच झटके ते पचवतात. मात्र खरा तोटा वेगळा आहे. पडद्याला बारीक जखम होते, पार्ट त्या दिवशी चालतो आणि दोन महिन्यांनी अधूनमधून बंद पडू लागतो. गिऱ्हाईक परत येते, कारागीर कंपनीच्या मालाला दोष देतो, गिऱ्हाईक कारागिराला. असे झाले तर कोण खरे हे कोणीच सिद्ध करू शकत नाही आणि दुकानाची पत मात्र जाते.

उपाय महाग नाही. मनगटाला बांधायचा अँटी-स्टॅटिक पट्टा काही शे रुपयांत मिळतो. पट्ट्याची धातूची चकती उघड्या कातडीला टेकली पाहिजे. बाहीवर बांधला तर तो नुसता दागिना. वायरच्या टोकाचा चिमटा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावावा, रंगावर नव्हे. याने आपले अंग आणि कॅबिनेट एका पातळीवर येतात आणि ठिणगी उडण्याचे कारणच राहत नाही. बाजारात बिनवायरचा पट्टाही विकला जातो. वायरच नाही तर वीज उतरणार कुठून? तो घेऊ नये.

पट्ट्याच्या वायरमध्ये १० लाख ओहमचा रेझिस्टर असतो. तो कशाला, हे प्रत्येक कारागिराला ठाऊक हवे. चुकून हात चालू विजेला लागला तर २३० व्होल्टवर त्यातून पाव मिलिअँपिअरच्या आसपासच करंट जातो, म्हणजे जीव वाचतो. काही दुकानांत मुले पट्ट्याऐवजी मनगटाला तांब्याची साधी तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडतात. असे कधीही करू नये. त्या तारेने अंगातील वीज उतरेल, पण फेजला बोट लागले तर करंट अडवायला काहीच राहत नाही. मल्टिमीटरने चकती ते चिमटा मोजावे. १० लाख ओहमच्या आसपास आकडा आला पाहिजे. काहीच न आल्यास वायर आतून तुटली आहे, आणि शून्याजवळ आल्यास तो पट्टा फेकून द्यावा.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. पॉवर सप्लायमधील फिल्टरमुळे, अर्थिंग नसेल तर पत्र्यावर जवळजवळ निम्मा दाब चढून बसतो. थ्री-पिनची वरची जाड पिन काढून टाकणारे किंवा टू-पिन जोडून चालवणारे लोक हा त्रास स्वतःच ओढवून घेतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजून घ्यावे. पहिला आकडा २३०च्या जवळ, दुसरा दोन-चार व्होल्टच्या आत असावा. आणि दुरुस्तीच्या वेळी प्लग सॉकेटमधून काढूनच टाकावा. आपल्याकडचे बटण फक्त एक वायर तोडते, तीही उलटी जोडलेली असू शकते. प्लग काढल्यावर कॉम्प्युटरचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेली वीज निघून जाते. लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवावी.

पॉवर सप्लायची पेटी किंवा जुना पिक्चर-ट्यूबचा मॉनिटर उघडताना मात्र पट्टा काढून ठेवावा. तिथे धोका चिपला नव्हे, आपल्याला असतो.

टेबलावर अँटी-स्टॅटिक मॅट असल्यास उत्तम. नसल्यास निदान प्लॅस्टिकचा कागद, थर्माकोल आणि लोकरीचे कापड दूर ठेवावे. कामाच्या वेळी सुती सदरा बरा. साफसफाईला प्लॅस्टिकच्या केसांचा ब्रश वापरू नये, तो घासूनच वीज तयार करतो.

पिशव्यांतही फरक आहे. गुलाबी पिशवी स्वतः वीज तयार करत नाही, पण बाहेरून आलेली ठिणगी अडवत नाही. करड्या चकचकीत पिशवीत धातूचा थर असतो, तीच खरे संरक्षण देते, फाटली की तिचा उपयोग संपला. त्या पिशवीवर बोर्ड ठेवून करंट देऊ नये, शॉर्ट होऊ शकतो. एम्ब्रॉयडरी मशीनचे कार्ड दुरुस्तीला पाठवताना ते वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात घालण्याची पद्धत आहे. मेकॅनिकने काढलेल्या नव्या कार्डाची करडी पिशवी फेकू न देता जपून ठेवावी आणि जुने कार्ड त्यातच घालून पाठवावे.