फॉरमॅट मारण्याआधी

छत्रपती संभाजीनगर

चि. बाळास,


परवा फोनवर तू म्हणालास, ‘मावशी, मशीन पार बसलंय, व्हायरस आहे, फॉरमॅट मारून मोकळा होतो.’ मी थांब म्हटलं, पण तुझ्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, बोलणं अर्धवट राहिलं. राहिलेलं आता लिहिते. नीट वाच, कारण सिल्लोडसारख्या ठिकाणी दुकानाचं नाव पहिल्या वर्षात होतं किंवा जातं.

ते मशीन लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्याचं आहे. वर ऐन लगीनसराई. त्याच्या डिस्कवर कित्येक वर्षांच्या कोरलड्रॉच्या फायली असतील, जुने मराठी फॉन्ट असतील, कुणाच्या तरी वर्षश्राद्धाच्या पत्रिकेसाठी दिलेला एकुलता एक फोटो असेल. फॉरमॅट मारलास की तुझं काम दुपारपर्यंत उरकेल, त्याचं मात्र महिनाभर अडून राहील. शिवाय मशीन बिघडलं कशाने, हे तुला कधीच कळणार नाही, आणि पंधरा दिवसांनी तेच मशीन पुन्हा तुझ्या टेबलावर येईल. फॉरमॅट हासुद्धा उपाय आहे, पण तो शेवटचा. आधी बघायचं, मग गिऱ्हाइकाचा डेटा वाचवायचा, मग साफसफाई. हा क्रम मोडू नकोस.

बघायचं म्हणजे पहिल्यांदा विचारायचं. कधीपासून हळू झालं? त्याआधी नवीन काय टाकलं? कुणाचा पेनड्राइव्ह लावला? या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात का? हे बोलणं होईपर्यंत नेटची वायर काढून ठेव. व्हायरस असलाच तर त्याचं बाहेर बोलणं तरी थांबेल.

आणि हळू मशीन म्हणजे व्हायरसच, असं धरून चालू नकोस. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि धूळ बारा महिने असते. कॅबिनेट उघड, ब्लोअर मार, प्रोसेसरचा पंखा फिरतोय का ते बघ. मशीन तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तिथे अँटिव्हायरस काय करणार? मग टास्क मॅनेजर उघड आणि कोणता आकडा चढलाय ते बघ. काहीही चालू नसताना प्रोसेसर नव्वद टक्क्यांवर असेल आणि खाली अनोळखी नावाचा प्रोग्रॅम दिसत असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. चोरून क्रिप्टोकरन्सी काढणारे प्रोग्रॅम असेच सापडतात. पण डिस्क शंभर टक्के दाखवत असेल आणि प्रत्यक्षात सेकंदाला एखाददुसरा एमबीच सरकत असेल, तर दुखणं बहुधा डिस्कचंच आहे. विंडोज १० किंवा ११ जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर रखडतंच. तिथे एसएसडी आणि थोडी रॅम हाच इलाज, आणि तो गिऱ्हाइकाला सरळ सांगावा.

इथे एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेव. स्कॅन लावण्याआधी डिस्कची तब्येत बघ. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं साधन आहे. त्यात ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ आलं तर फुल स्कॅनला हात लावू नकोस. फुल स्कॅन डिस्कवरची एकूण एक फाईल वाचतो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तेवढा ताण पुरतो, आणि अर्ध्या स्कॅनमध्ये ती कायमची गप्प होते. मग व्हायरसही गेला आणि फायलीही गेल्या. आधी कागदपत्रं, फोटो, कोरलच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घे. ईएक्सई फायली, सेटअप, क्रॅकचे फोल्डर बरोबर आणू नकोस. फायलींच्या नावांची शेपटं (एक्स्टेंशन) लपलेली असतात, ती दिसतील असं सेटिंग आधी कर, नाहीतर फोटोच्या नावाने ईएक्सई येऊन बसते.

आता अँटिव्हायरस. बसवलेले किती आहेत ते मोज. दोन-दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर असले की प्रत्येक फाईल दोघंही तपासत बसतात, आणि माणूस म्हणतो व्हायरसने हळू झालं. जादाचा किंवा मुदत संपलेला काढ, तोही त्या कंपनीच्या स्वतःच्या अनइन्स्टॉल साधनाने, म्हणजे तुकडे मागे राहत नाहीत. जो ठेवशील तो अपडेट कर. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर आता चांगला आहे. घरच्या बहुतेक मशीनला तो आणि थोडी शिस्त पुरते. अँटिव्हायरसचा डबा विकला की चार पैसे सुटतात हे मला ठाऊक आहे. तरीही भीती घालून डबा विकू नकोस. ज्या दुकानात दिवसभर परक्यांचे पेनड्राइव्ह लागतात, तिथे पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरस जरूर सुचव आणि कशासाठी तेही सांग.

फुल स्कॅनच्या आधी डिफेंडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ ही यादी उघड. हे पान कारागीर सहसा बघतच नाहीत, आणि खरी मेख अनेकदा तिथेच असते. या यादीतली जागा अँटिव्हायरस तपासत नाही. क्रॅक टाकताना सूचना आलेली असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, हा फोल्डर वगळा’, आणि ऑपरेटरने ती निमूट पाळलेली असते. कधी व्हायरस स्वतःच आपलं घर त्या यादीत घालून ठेवतो. मी संपूर्ण सी ड्राइव्ह वगळलेली मशीन बघितली आहेत. तिथे महिनोन्‌महिने ‘कोणताही धोका नाही’ असा हिरवा टिक येत होता. यादी रिकामी कर, मग स्कॅन लाव.

फुल स्कॅन झाला की ‘ऑफलाइन स्कॅन’ घे. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज उभं राहण्याआधी तपासणी होते, त्यामुळे विंडोजच्या आड लपणारे सापडतात. पाव तासाचं काम आहे. त्यानंतर दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स किंवा मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर एकदा चालव. सेफ्टी स्कॅनर दर वेळी ताजा उतरवून घे, कारण उतरवल्यापासून १० दिवसांनी तो बाद होतो. केंद्र सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ही २०१७ पासून आहे, तिथे बॉट काढायची साधनं फुकट मिळतात. सगळं एकदम चालवू नकोस, एकामागून एक.

काही सापडलं की थेट डिलीट न करता क्वारंटाइनमध्ये ठेव आणि त्याचं नाव व जागा वहीत लिहून घे. जागेवरूनच ते आलं कुठून हे कळतं: डाउनलोडमधून, पेनड्राइव्हवरून की क्रॅकच्या फोल्डरमधून. शंका आली तर व्हायरसटोटलवर फाईल तपासता येते, पण गिऱ्हाइकाचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, उतारे असलं काहीही तिथे चढवू नकोस. तिथे गेलेली फाईल इतर अभ्यासकांनाही उतरवता येते. दुसऱ्याची कागदपत्रं आपल्या हातात आहेत, याचं भान तपासणीच्या घाईतही सुटता कामा नये.

स्क्रीनच्या कोपऱ्यात येणाऱ्या जाहिरातींचंही बघ. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस’ असं जे सारखं उगवतं, ते बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये एखाद्या साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. ती काढ, नको ती एक्स्टेंशन काढ, स्टार्टअप आणि टास्क शेड्युलर बघ, प्रॉक्सी कुणी बदलली आहे का ते बघ. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

पेनड्राइव्हचं तुला रोज लागेल. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आलेल्या पोराचा पेनड्राइव्ह लावतोस, आत सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. पोर रडवेलं होतं, ‘माझा प्रोजेक्ट गेला.’ गेलेला नसतो. वापरलेली जागा बघ, ती तेवढीच भरलेली दिसते. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नकोस; राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ वाच. तिथे कमांड प्रॉम्प्टचं किंवा स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव दिसलं की समज. खरे फोल्डर लपवलेले असतात. स्कॅन करून शॉर्टकट काढ, मग कमांड प्रॉम्प्टवर पेनड्राइव्हचं अक्षर घेऊन अ‍ॅट्रिब ही आज्ञा दे: उणे एच, उणे आर, उणे एस, सगळ्या फायलींसाठी, शेवटी स्लॅश एस आणि स्लॅश डी. फोल्डर एकेक करून परत दिसायला लागतात. ते पोराला बघू दे. पण ज्या दुकानातून ते आलं तिथलं मशीन तसंच राहिलं, तर घागर घासून ठेवली आणि आडातलं पाणी गढूळच राहिलं. त्या दुकानदारालाही एकदा सांगून ये.

हे कारणापर्यंत जाणं किती मोलाचं असतं, ते कळण्यासाठी कैलास काटकरांची हकिगत वाच. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा माणूस, शिक्षण दहावीपर्यंत, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला लागले, तेव्हा मशीनमागून मशीन व्हायरसने बिघडलेलं येऊ लागलं. धाकटे भाऊ संजय तेव्हा मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी ते व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील उभं राहिलं. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात गेली. मला त्यात पैशापेक्षा मोठं वाटतं ते हे, की दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाने ‘पुन्हा पुन्हा हेच का येतंय’ असं विचारलं.

विंडोजचे अपडेट बंद करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं येतील. ऐकू नकोस. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरची मशीन कुलूपबंद केली. ते ज्या छिद्रातून शिरलं ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. जूनमध्ये त्याच छिद्राचा फायदा घेणारं नॉटपेट्या आलं आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही प्रत्येकाला सांग. मशीन ११ ला चालत असेल तर वर ने.

क्रॅकबद्दल मी कठोर आहे. गिऱ्हाईक म्हणेल, ‘सगळेच टाकतात.’ फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा जो व्हायरस घरगुती मशीनवर सर्वात जास्त पसरला, तो मुख्यतः क्रॅक आणि कीजेनमधूनच आला. फुकटच्या कोरलपायी पत्रिकांचं अख्खं दुकान उघड्यावर ठेवायचं, हे धंद्याचं गणित नाही. परवडत नसेल त्याला फुकटचं इंकस्केप दाखव. तू मात्र क्रॅक टाकून देणारा होऊ नकोस. चार गिऱ्हाइकं गेली तर जाऊ देत.

फॉरमॅट केव्हा मारायचं, तेही सांगते. सॅलिटी किंवा रॅमनिटसारखा व्हायरस सापडला, जो मशीनवरच्या ईएक्सई फायलींमध्येच शिरतो, तर साफ करत बसू नकोस. ऑफलाइन स्कॅननंतरही तेच परत उगवत असेल, तर वेळ घालवू नकोस. फायली कुलूपबंद झाल्या असतील तर त्या पुसण्याआधी, खंडणीच्या चिठ्ठीसकट, एका वेगळ्या डिस्कवर ठेव आणि ‘नो मोअर रॅन्सम’ या प्रकल्पाच्या पानावर किल्ली आहे का ते बघ. युरोपोल आणि डच पोलिसांसह काही कंपन्यांनी २०१६ मध्ये तो सुरू केला; आज नसलेली किल्ली पुढे मिळू शकते. पैसे भरू देऊ नकोस.

आणि मशीन साफ झालं म्हणून काम संपलं असं नाही. पासवर्ड चोरणारा प्रकार सापडला असेल तर गिऱ्हाइकाला मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून बदलायला लाव, आणि ते तुझ्यासमोर नको, त्याचं त्याने करू दे. खात्यातून पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावायला सांग. जितक्या लवकर कळवलं जाईल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवायची शक्यता जास्त.

पत्रिकावाल्याच्या मशीनची डिस्क आज रात्रीच तपास आणि काय दिसतं ते मला कळव. डिस्क खराब निघाली तर मशीनसकट इकडे ये, माझ्याकडे रिकामी एसएसडी पडून आहे. ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी