बाबांवर चिडू नकोस

चि. निखिल,


दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, एमआरआयचा रिपोर्ट नीट वाचला. ‘बाबा हल्ली मुद्दाम वेळ काढतात’ असं तू लिहिलंस, म्हणून आधी तेच सांगते. यात मुद्दाम काही नाही.

रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की मेंदूतल्या अगदी बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. मेंदूच्या भागांना एकमेकांशी जोडणारे तंतू खोलवर असतात, त्यांना रक्त अपुरं पडतं. रिपोर्टातले पांढरे डाग याचेच. जी लहानशी पोकळी लिहिली आहे, तिथे कधीतरी कोणाच्या लक्षातही न येता छोटा झटका येऊन गेलाय.

अशा वेळी जुन्या आठवणी बऱ्याचदा शाबूत राहतात, पण कामाचा वेग, लक्ष आणि पायऱ्या जुळवणं बिघडतं. दादाला जुन्या साहेबांची नावं पाठ आहेत, पण चहा टाकताना फोन वाजला की पुढे काय करायचं ते सुचत नाही. तपासणीत घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं, तेव्हा आकडे त्याने बरोबर मांडले. मिनिटकाटा मात्र दोनवर न नेता दहावर नेला. तुला हट्ट वाटतो तो हा आजार आहे.

डॉक्टरांनी ‘व्हॅस्क्युलर माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ लिहिलंय. दादा आपली कामं आपण करतो, तेव्हा हा स्मृतिभ्रंश नव्हे, त्याच्या अलीकडची अवस्था आहे. काहीजण पुढे घसरतात, काही तिथेच थांबतात, काही सुधारतातही. खराब झालेले तंतू परत आणणारं औषध नाही, पण पुढची हानी कमी करता येते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासाचे निष्कर्ष आले. नऊ हजारांवर माणसं होती. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणायचं ठरवलेल्या गटात माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट १९ टक्क्यांनी कमी आढळली. दादाचा आकडा किती असावा ते त्याचे डॉक्टर ठरवतील. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून गोळी चुकू द्यायची नाही, एवढं तू बघ. साखर, कोलेस्टेरॉल, बी-१२, थायरॉइड तपासून घे. लोणचं-पापड कमी, तंबाखू बंद आणि रोज चालणं.

त्याच्याशी बोलताना टीव्ही बंद कर, एका वेळी एकच गोष्ट सांग आणि उत्तराची वाट बघ. चारचौघांत त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस. बँकेचे, घराचे निर्णय आताच त्याच्याशी बोलून घे, त्याच्या मागे नको.

आणि तूही चाळिशीला आलास. या वयात चढलेल्या रक्तदाबाची किंमत मेंदू म्हातारपणी मोजतो. येत्या रविवारी दादाबरोबर स्वतःचाही रक्तदाब मोज आणि दोघांचे आकडे मला कळव.

तुझी,
आत्या